मोहिनीबाईंचं अक्षर

मोहिनीबाईंचं अक्षर फार सुंदर होतं, असं अख्खं असोदा म्हणतं. मी कधी म्हटलं नाही. मी त्या शाळेत त्यांच्याबरोबर आयुष्य काढलं, त्या पहिलीला आणि मी चौथीला. शिष्यवृत्तीत मुलं यायची ती माझ्या वर्गाची. तालुक्याहून साहेब यायचे ते माझा वर्ग बघायला. पण आजही गावातलं कोणी जळगावला आलं आणि मेहरूणला माझ्या घरी डोकावलं, की हातात पाण्याचा पेला येण्याआधी विचारतं, "मोहिनीबाई कशा आहेत?" मी कशी आहे हे त्यांना दिसतच असतं, असं मी मनाला समजावते.

माझा मुलगा भूषण पहिलीला त्यांच्याच हाताखाली होता. दुसरा पर्याय नव्हता, शाळेत पहिलीची एकच तुकडी. पुढं तो पुण्याला वसतिगृहात गेला आणि तिथून त्याची पत्रं यायला लागली. पहिलं पत्र उघडलं तेव्हा मला वाटलं, मोहिनीबाईंनीच लिहिलंय. 'ती. आईस सा. न.' आणि खाली सगळं त्यांच्या वळणाचं. पोटचा पोरगा आईला लिहितो, आणि अक्षर दुसऱ्याच बाईचं. हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर लोक हसले असते, आणि हसणारे सगळे त्यांच्याच वळणाचे.

या हिवाळ्यात कोकिळा आली. ती असोद्याची, माझीही विद्यार्थिनी, आता तिच्या लेकीचंही लग्नाचं वय झालंय. तिच्या हातात भरताच्या वांग्यांच्या दोन पिशव्या होत्या. एक तिनं माझ्यापुढे ठेवली.

"बाई, तुमच्यासाठी आनली. आपल्या वावरातली हायेत."

"आणि ती दुसरी?"

"ही मोहिनीबाईंसाठी. त्यायचा पत्ता हाये ना तुमच्याकडे? धुळ्याले लेकीकडे राहता म्हने."

दुसरी पिशवी जास्त भरलेली होती. हातात घेऊन बघायची गरज नव्हती, डोळ्यांनाच कळत होतं.

"आधी चहा घे," मी म्हटलं. "मग पत्त्याचं बघू. काय काम काढलंस त्यांच्याकडे?"

तशी कोकिळा रडायलाच लागली. तिची लेक रत्ना गावातल्या एका पतसंस्थेत हंगामी कारकून. पोरगी हुशार, कामाला चोख. यंदा तिथे कायम जागा निघाली आणि रत्नालाच ती मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पण चेअरमन पितांबरनानांचा जावई घरी बसलेला. गावात कुजबुज सुरू झाली. आणि एका सकाळी संस्थेच्या दारातल्या काळ्या फळ्यावर, जिथे सभेच्या आणि सुटीच्या सूचना लिहितात, तिथे जाहिरातीखाली कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं : 'अर्ज करण्याचे कष्ट घेऊ नयेत. जागा जावईबापूंनी भरली आहे. आपला नम्र सभासद.'

हिलाल शिपायानं येऊन पुसेपर्यंत निम्म्या गावानं वाचलं होतं. एकानं फोटो काढला आणि तो उरलेल्या निम्म्या गावाच्या मोबाइलवर गेला.

"हसलीस की नाही तू?" मी विचारलं.

"हसली ना बाई. मले काय माहित माह्याच घरावर येईन."

अर्जासोबत प्रत्येकानं हातानं एक पान लिहून द्यायचं होतं. हल्ली नोकरी देताना अक्षरावरून माणसाचा स्वभाव बघतात म्हणे. जळगावात योगराज नावाचा एक तरुण अक्षर सुधारण्याचे वर्ग चालवतो आणि असे अहवालही देतो. नानांनी ती पानं त्याच्याकडे पाठवली आणि सोबत फळ्याचा फोटोही दिला. त्याचा अहवाल आला. रत्नाच्या अक्षरात न, म यांच्या गाठी उघड्या आहेत, म्हणजे पोटात काही राहत नाही, वरिष्ठांविरुद्ध उघड बोलण्याकडे कल. आणि फळ्यावरच्या मजकुराशी हे अक्षर गाठीपासून कान्यापर्यंत जुळतं.

झालं. रत्नाला नोटीस मिळाली : संचालकांपुढे येऊन खुलासा करा, नाहीतर काम बंद आणि बदनामीची तक्रार पोलिसात. संस्थेचे वकील नानांना म्हणाले होते की कोर्टात गेलं तर अक्षराचा सरकारी तपासनीस लागतो, पण गावापुरता हा कागद पुरे. ते खरंच. एकदा पोलिसात नाव गेलं की जळगावातल्या कुठल्या संस्थेत तिला कोण उभं करणार होतं?

"तिनं लिहिलं का?" मी विचारलं.

"नाही बाई. तिनं माह्या गळ्याची शपथ घेतली. आनि तिले इतकं चांगलं टोमनं मारता येत असतं तं सासरची काळजी नसती मले." रडतारडता ती हसली. "मोहिनीबाईंनी येऊन नुसतं म्हटलं ना, का पोरगी चांगली हाये, तरी नाना ऐकतीन. नाना बी त्यायच्याच हाताखालचे."

"माझ्या हाताखालचे नाहीत का? पितांबर चौथीला माझ्याकडे होता."

"हो बाई. पन चौथीचं कोनाच्या ध्यानात राहते?"

तिनं हे मुद्दाम म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

मी तिचा मोबाइल मागितला आणि फोटो मोठा करून बघितला. एक ओळही पुरी वाचायच्या आधी मला कळलं. हे रत्नाचं अक्षर नव्हतं. किंवा होतंही, पण तेवढंच कोकिळेचं होतं, हिलालचं होतं, माझ्या भूषणचं होतं. हे मोहिनीबाईंचं अक्षर होतं. न, म, भ यांच्या गाठी मिटलेल्या नाहीत, आणि प्रत्येक कान्याला खाली एक बारीक लाथ. वर्षानुवर्षं जून महिन्यात नवीन चौथी माझ्यापुढे येऊन बसायची आणि सगळ्या वह्यांतून हीच लाथ मला बसायची. मी लाल पेन घेऊन गाठी मिटवायची. पोरं माझ्यासमोर मिटवायची आणि घरच्या अभ्यासात पुन्हा उघडी. चौथीपर्यंत हात वाळून गेलेला असतो, ओल्या गाऱ्यासारखा राहत नाही.

मी तो फोटो माझ्या मोबाइलवर पाठवून घेतला. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं : मोहिनीबाई गाडीतून असोद्याला उतरतायत, पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहतायत, पितांबर पाया पडतोय, आणि मी इथे मेहरूणला गॅसवर वांगी भाजत बसलेली.

"पत्ता नको," मी म्हटलं. "पिशवी ठेवून जा. मी स्वतः जाते धुळ्याला."

तिनं माझे पाय धरले. एवढी मोठी मी आहे, असं तिला वाटलं असावं.

धुळ्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मांडीवर पिशवी. मोहिनीबाई मूळच्या धुळ्याकडच्याच. आमच्याकडे नोकरीला आल्या तेव्हा त्यांची अहिराणी ऐकून पोरं हसायची आणि पंधरा दिवसांत तीच पोरं घरी जाऊन 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा' म्हणायला लागायची. आयांनी तक्रार करायला यावं आणि हसत परत जावं. मी एकदा वर्गात एक शब्द गावच्याच लेवा बोलीत बोलले, तर त्याच आयांनी हेडमास्तरांकडे सांगितलं की चौथीच्या बाई शुद्ध बोलत नाहीत.

त्यांच्या लेकीनं दार उघडलं. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या होत्या. मला वाटलं होतं त्याहून बारीक झाल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणी आणून ठेवावा तसा. लेक हळूच म्हणाली, गेल्या वर्षी झटका येऊन गेला.

"मंदा शे का तू?" त्या म्हणाल्या. "ये, बैस. चहा लेशी ना?"

मग सुरू झालं. हिलाल काय करतो, अजून नाक पुसतो का बाहीला? पितांबर पहिल्या दिवशी खिडकीतून पळाला होता, बाईंनी त्याला बोरं दाखवून परत आणला. कोकिळेची लेक? एवढी मोठी झाली? एकेक नाव, एकेकाचा बाप, एकेकाचं घर. माझ्या मुलाचंही विचारलं. माझ्या गुडघ्यांचं कोणी विचारलं नाही.

त्यांना धाप लागली तेव्हा मी सगळी हकीकत सांगितली आणि फोटो दाखवला. डाव्या हातानं त्यांनी माझा मोबाइल नाकाशी नेला. आधी मजकूर वाचून खुदखुदल्या, मग अक्षर बघून.

"हाई तं मनंच अक्षर शे."

"तुमचंच. म्हणून आले. या गाठी तुम्ही अशा उघड्या का ठेवायच्या? मला वाटायचं, ऐट म्हणून."

"ऐट?" त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची तर्जनी उचलून मला दाखवली. वरचं पेर नव्हतं. "कडबा कुट्टीमा गयं, धाकली व्हतू तव्हय. खडू गोल फिरसच नही. गाठ मारी दखाडू कशी?"

ते बोट मी रोज बघितलं होतं. एका टेबलावर बसून डबे खाल्ले होते, संक्रांतीला त्याच बोटानं त्यांनी मला कुंकू लावलं होतं. आणि गाठ मिटायला तेवढं पेर कमी पडतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. बाई पोरांची मूठ आपल्या मुठीत धरून पाटीवर फिरवायच्या. त्यांचा हात जिथे थांबायचा तिथे पोराचा हात थांबायचा. एका तुटलेल्या बोटानं सारं गाव लिहायला शिकलं होतं.

"तुम्ही कधी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तू कव्हय पुसंच नही."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. "येता का असोद्याला? तुम्ही नुसतं उभं राहून हे बोट दाखवलंत तरी काम होईल."

"माले उठाडाले दोन जण लागतस. तूच सांग ना. तू तिसरीले व्हती ना?"

"चौथीला."

"मंग तुनं आयकतीन. चौथीना बाईले पोरे घाबरतस."

पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, एक वांगं नाकाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. निघताना मी दारातून मागे पाहिलं, तर अजून वांग्याचाच वास घेत होत्या.

परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होते. रत्नाला सोडवायचं तर सगळ्यांपुढे सांगावं लागणार की या गावाचा हात मोहिनीबाईंचा आहे. आजवर लोक बोलायचे ते मायेपोटी, कौतुकानं. आता मी, चौथीची बाई, ते पुराव्यानिशी शाबीत करणार. त्यांचं नाव न घेता हे सांगता येईल का? पारोळ्यापर्यंत मी शब्द जुळवत होते. 'एकाच शिक्षिकेमुळे', 'शालेय वळणामुळे'. एकही वाक्य नीट उभं राहीना. नाव घेतल्याशिवाय ते कोणाला पटणार नव्हतं. आणि बोलले नाही तर त्या पोरीचं काय? ती तर माझ्या वर्गातही नव्हती, ती चौथीत आली तोवर मी निवृत्त झाले होते. तरी तिच्या आईनं पाय धरलेले होते, ते काही सुटत नव्हते.

चौकशीच्या दिवशी मी ठेवणीतली सुती साडी नेसले. संस्थेच्या हॉलमध्ये संचालक ओळीनं बसलेले, मध्ये पितांबरनाना, कडेला लॅपटॉप उघडून योगराज. रत्ना एका बाजूला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. दारात कोकिळा. मला बघून सगळे उभे राहिले. हे मी सांगते, कारण पुढे काय झालं ते सांगताना हे राहून जाईल.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला?" नाना म्हणाले.

"खडू आहे का?" मी विचारलं.

योगराज नम्र मुलगा होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि दोन्ही अक्षरं शेजारी ठेवून दाखवली. "आजी, मी असं म्हणत नाही की हिनंच लिहिलं. मी म्हणतो, वैशिष्ट्यं जुळतात. ही गाठ बघा. सहसा अशी गाठ आढळत नाही."

"कुठे आढळत नाही?"

"मी शेकडो नमुने बघितलेत."

"असोद्याचे किती?"

त्यानं लॅपटॉपवर बघितलं. "असोद्याची ही एकच. बाकी अर्ज बाहेरगावचे होते."

"तुम्ही कुठले?"

"पाचोऱ्याचा."

"मग आधी तुम्हीच लिहा. तीच ओळ."

त्यानं हॉलमधल्या फळ्यावर लिहिलं, 'आपला नम्र सभासद'. सुरेख अक्षर, प्रत्येक गाठ मिटलेली. मी हिलालला हाक मारली. तो बाहीला नाक पुसत आला.

"मी काहून बाई? मी नाही लिहिलं ते. मी तं पुसलं."

"पुसलंस ते माहीत आहे. आता लिही."

त्यानं लिहिलं. न उघडा, म उघडा, भ उघडा, कान्याला लाथ. योगराज खुर्चीतून उठला. मग कोकिळेनं लिहिलं. मग एका संचालकानं, मग दुसऱ्यानं. फळा भरत गेला आणि एकाच माणसानं शिक्षा म्हणून तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहावी तसा दिसायला लागला. कोणीतरी हसलं.

"नाना, तुम्ही राहिलात," मी म्हटलं.

"मी ही ओळ लिहू?" नानांचा चेहरा उतरला. "फोटो काढतील लोक."

"मग दुसरं लिहा. 'सभासदांना कळविण्यात येते की'. म्हणजे भ आणि न आले."

चौथीच्या बाईला पोरं घाबरतात. पितांबर उठला आणि त्यानं लिहिलं. चेअरमनच्या अक्षरात आणि गुन्हेगाराच्या अक्षरात सुताचाही फरक नव्हता.

"म्हंजे काय नाना, तुमीच लिहिलं का काय ते?" हिलाल म्हणाला, आणि हॉलमध्ये जे हसू दाबून ठेवलेलं होतं ते फुटलं. नानाही हसले, उशिरा आणि नाइलाजानं.

योगराज फळ्याजवळ जाऊन एकेक ओळ बघत होता. "पण सगळ्यांचा स्वभाव एकच कसा असेल?" तो स्वतःशीच म्हणाला.

आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं. म्हटलं, हे अक्षर मोहिनीबाईंचं आहे. पहिलीत ज्याची मूठ त्यांनी धरली, त्या प्रत्येकाचं हे अक्षर आहे. गाठ उघडी आहे ती कोणाच्या पोटात काही राहत नाही म्हणून नाही, त्यांच्या बोटाचं पेर कडबा कुट्टीत गेलं म्हणून. फळ्यावर ती ओळ कोणी लिहिली ते मला माहीत नाही. यातल्या कोणीही लिहिली असेल. पण एका पोरीला तेवढ्यावरून धरायचं तर सगळ्या गावाला नोटीस काढा.

मग एक संचालक म्हणाले, "मले बी बोरं दिली व्हती त्यायनं." दुसरे म्हणाले, बाई पाटी पुसायला आपला पदर द्यायच्या. तिसऱ्याला आणखी काही आठवलं. सगळे एकदम बोलायला लागले. नानांनी चष्मा काढून डोळे पुसले. रत्नाची नोटीस त्यांनी समोरच फाडली, आणि तीही मोहिनीबाईंची गोष्ट ऐकतऐकत, नोटिशीकडे न बघता. योगराजनं माझ्याजवळ येऊन सांगितलं की तो अहवाल मागे घेतो आणि लेखी देतो. कोकिळा लेकीला धरून उभी होती. मी खुर्चीत बसून होते. माझा चहा गार झाला होता.

पुढं संस्थेनं पानं-बिनं सोडून सरळ हिशेबाची परीक्षा घेतली, पेपर बाहेरच्या माणसानं तपासले, आणि रत्ना लागली. जावईबापू परीक्षेला आले नाहीत. हे सगळं मला कळलं ते नाना आणि रत्ना दोघंही मेहरूणला माझ्या घरी आले तेव्हा. मला वाटलं, आभार मानायला आले. पेढे होते हातात.

"बाई, संचालक मंडळानं ठराव केला," नाना म्हणाले. "मोहिनीबाईंचा सत्कार करायचा. आपण सगळे धुळ्याला जायचं, शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर तुम्हीच लिहा. त्यांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

मी पेढा खाली ठेवला. "लिहिते," म्हटलं.

आणि लिहिला. चांगला लिहिला, मला वाईट लिहिताच येत नाही. मध्ये एक वाक्य घातलं : 'लहानपणी तर्जनीचे पेर गमावल्याने बाईंना अक्षराची गाठ मिटवता येत नसे, आणि तेच व्यंग आज आमच्या गावाचे वळण झाले आहे.' नाना रत्नाला घेऊन पुन्हा आले, तेव्हा त्यांनी मजकूर मोठ्यानं वाचला आणि तिथे येऊन अडखळले.

"बाई, हे वाक्य काढू या का? सत्कारात बरं नाही दिसणार. व्यंग वगैरे."

"काढा. मग रत्नाची नेमणूकही काढा. ती या वाक्यावरच सुटली."

नाना रत्नाकडे बघत राहिले. रत्ना म्हणाली, "नाना, राहू द्या. मोहिनीबाई वाचून हसतीन."

हसतील, हे मलाही माहीत होतं. त्याचाच मला राग येत होता.

"बरं, राहू द्या," नाना म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले. "आता एवढंच ठरवायचं, मोठ्या कागदावर हे उतरवायचं कोणी. मी म्हणतो रत्नानंच लिहावं. तिच्या अक्षरात लिहिलं म्हणजे बाईंच्या अक्षरातच लिहिल्यासारखं. काय वाटतं तुम्हाला?"

रत्नानं लाजून मान खाली घातली. तिला ती कल्पना फार आवडली होती.

"छापून घ्या," मी म्हटलं.